खांडेनवमीला मेलेलं कार्ड

नागपूरच्या प्रताप नगरातल्या माझ्या दुकानात आता नेटवर्क कार्ड मागायला कोणी येत नाही. येणारे मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "मॅडम, नेट लय स्लो चालून राहिलं." जणू नेट म्हणजे नळाचं पाणी आणि मी ते सोडणारी. ज्या वस्तूवर माझं अर्धं आयुष्य गेलं, ती यातल्या बहुतेकांनी पाहिलेलीसुद्धा नसते. हे मला अजून पचत नाही.

म्हणून आधी ती वस्तू सांगते. नेटवर्क कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी. एका कडेला सोनेरी दात असतात, ते कॉम्प्युटरच्या आतल्या खाचेत बसतात. दुसऱ्या कडेला केबल लावायची जागा असते, ती कॉम्प्युटरच्या पाठीमागून बाहेर डोकावते. कॉम्प्युटरला जे म्हणायचं असेल ते तारेवरून जाईल असं करून पाठवायचं आणि तारेवरून आलेलं कॉम्प्युटरला कळेल असं करून आत घ्यायचं, एवढंच त्याचं काम. कार्ड नसलेला कॉम्प्युटर कितीही हुशार असो, शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरशीही त्याला बोलता येत नसे. मग आम्ही फ्लॉपी घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर हेलपाटे घालायचो.

मी हे काम शिकले तेव्हा "पोरगी कॉम्प्युटर शिकून राहिली" म्हटलं की लोकांना टायपिंग वाटायचं. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन टेबलाखाली शिरले की ऑफिसातली माणसं अवघडून पाय वर घ्यायची. तेव्हाची केबल काळी आणि जाडसर होती. एका कॉम्प्युटरच्या कार्डापासून दुसऱ्याच्या, दुसऱ्यापासून तिसऱ्याच्या, अशी माळ ओवत न्यावी लागायची आणि माळेच्या दोन्ही टोकांना एकेक चंदेरी टोपण बसवावं लागायचं. टोपण निघालं की निरोप टोकावर आपटून परत फिरायचे आणि अख्खं ऑफिस बंद पडायचं. एका कार्यालयात साहेबांनी "याला तर वायरच नाही, उगाच लावून ठेवलंय" म्हणत ते टोपण काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. मी सगळ्या टेबलांखाली रांगून झाल्यावर त्यांनी ड्रॉवर उघडून ते माझ्या हातावर ठेवलं आणि वर मलाच सुनावलं, की असल्या वस्तूवर काहीतरी लिहून ठेवत जा. मी मनात काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

एकाच तारेवर सगळे बोलायचे, म्हणून कार्डांना शिस्त लावलेली होती. आधी कान द्यायचा. तार मोकळी असेल तरच बोलायचं. दोघं चुकून एकदम बोलले, तर दोघांनीही गप्प व्हायचं, थोडं थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. किती थांबायचं हेही ज्याचं त्यानं वेगळं ठरवायचं, म्हणजे परत टक्कर व्हायला नको. आमच्या घरी सगळ्या आत्या एकदम जमल्या की मला हा नियम हमखास आठवायचा.

पुढे ती काळी केबल गेली. टेलिफोनसारखी खटकन बसणारी पिन आली आणि प्रत्येक कॉम्प्युटरची वेगळी तार मधल्या एका डब्यात जायला लागली. मग कार्डच लहान होत होत मदरबोर्डवरची एक चिप होऊन बसलं. मग तारही गेली. काम तेच राहिलं, फक्त वस्तू दिसेनाशी झाली.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून आजपर्यंत बदलली नाही. प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक नंबर मिळतो आणि तो नंबर जगात दुसऱ्या कार्डाला द्यायचा नाही असा रिवाज आहे. आपल्याला आधार कार्ड मिळायच्या कितीतरी आधी या हिरव्या कार्डांकडे आपापला नंबर होता. आपल्या तारेवर आलेला प्रत्येक निरोप कार्ड ऐकतं, पण आपल्या नंबराचा असेल तेवढाच आत घेतं. जुन्या कार्डांवर हा नंबर नखाएवढ्या, आठ पायांच्या एका चिपमध्ये ठेवलेला असायचा. त्या चिपपायी मी कळमेश्वरला अडकले, आणि मुद्दाम अडकले.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका ताईंची लहानशी शेड आहे. ताई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. पंपात, मोटरीत दोन लोखंडी भागांच्या मधे जी रबराची किंवा कॉर्कची चकती बसवतात, ती त्या बनवतात. चकती कापायला एक मोठी मशीन आहे, टेबलासारखी सपाट. वर रबराचा किंवा कॉर्कचा पत्रा अंथरायचा, कॉम्प्युटरवर चकतीच्या आकाराचा नक्षा लावायचा, की पातं सरसर फिरत कापत जातं. मशीन ताईंच्या नवऱ्यानं आणली. तिचा कॉम्प्युटर जोडायला आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरशी त्याची तार बांधायला मी गेले होते. तिथलं कार्ड मी माझ्या हातानं बसवलं. मशीनच्या कंपनीचा माणूस शेजारी उभा होता. सॉफ्टवेअरची कोणी नक्कल करू नये म्हणून त्यानं ते या एका कार्डाच्या नंबराला बांधून टाकलं. चालू झालं की सॉफ्टवेअर आधी कार्डाला नाव-गाव विचारणार, ओळख पटली तरच मशीनला हात लावू देणार.

त्यानंतर कंपनी बुडाली. ताईंचे यजमान गेले. मशीन राहिली, ताई राहिल्या आणि कामाला येणाऱ्या पाच-सहा बाया राहिल्या. कॉम्प्युटर इतका जुना झाला की त्याचे सुटे भाग भंगारातही मिळेनात, पण चालत होता. ताई स्वतः नक्षा लावायच्या, पातं बदलायच्या, तेल द्यायच्या.

फक्त खांडेनवमीला त्या बाजूला व्हायच्या. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. यजमान गेल्यापासून पूजेला नागपुराहून त्यांचा धाकटा दीर यायचा. शेडमध्ये त्याचाही अर्धा वाटा होता. वर्षभर फिरकायचा नाही. त्या दिवशी मात्र पांढरा सदरा घालून यायचा, हळद-कुंकू वाहायचा, नारळ फोडायचा, प्रसाद वाटायचा, निघून जायचा. ताई दाराशी उभ्या राहायच्या. विधवेनं यंत्राला कुंकू लावायचं नसतं, असं कोणी त्यांना तोंडावर म्हटलं नव्हतं, पण तसं म्हणायची गरजही कोणाला पडली नव्हती.

त्या वर्षी दिराला यायला उशीर होणार होता. त्यानं फोन केला, की दुपारपर्यंत थांबा. ताई थांबल्या नाहीत.

आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून खांडेनवमी नाही. नवमीपासून दसऱ्यापर्यंत आम्ही सगळे दीक्षाभूमीवर असतो. तिथल्या गर्दीत फोन वाजलेला कळलाच नाही. घरी येऊन पाहिलं तर ताईंचे कितीतरी मिस्ड कॉल. मी उलट लावला.

"मशीन बंद पडली वं," ताई म्हणाल्या. "मी पूजा केली अन् बंद पडली."

"पूजेनं मशीन बंद पडत नाई, ताई. तुमी केलं काय नेमकं?"

"तू ये अन् पाय. मले फोनवर सांगवत नाई."

दुसऱ्या दिवशी गेले. कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडीच होती. आत पाहिलं आणि मी कपाळाला हात लावला. डबा उभा असला की कार्ड आत फळीसारखं आडवं राहतं. त्या फळीवर हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि नारळाच्या पाण्याचा वाळलेला चिकट थर. एक अक्षत तर बरोबर मोठ्या चिपच्या दोन पायांच्या मधे अडकली होती.

ताई खुर्चीत बसून सांगत होत्या. यजमान नेहमी म्हणायचे, या मशीनचा जीव त्या हिरव्या कार्डात आहे. ते आहे तोवर मशीन आहे. म्हणून पूजा करायचीच तर वरवर पत्र्याला कशाला, जिथे जीव आहे तिथेच करावी असं त्यांना वाटलं. धूळ झाडायला डबा उघडलाच होता. त्यांनी मनापासून केलं. नारळाचं पाणी बोटांनी शिंपडलं, हात जोडले आणि बटण दाबलं. जळका वास आला.

"भाऊजी आले तवा जळका वास येऊनच राहिला होता," त्या म्हणाल्या. "सगळ्या बायांसमोर म्हणाले, वहिनी, हात दाखवून अवलक्षण केलं तुमी. मी येऊन राहिलो होतो ना? जे हात ज्या कामाले नाई, त्यायनं ते काम काहून करायचं?"

"अन् तुमी काय म्हटलं?"

"काय म्हणू? मशीन तर खरंच बंद पडली." मग हलक्या आवाजात, "मले तर आता वाटते, त्यायचंच खरं असन वं."

मला राग आला. दिराचा आला, तो येणारच होता. पण खरा संताप आला तो ताईंच्या शेवटच्या वाक्याचा. ज्या बाईनं नवऱ्यामागे एवढी शेड एकटीनं चालवली, ती बाई आपल्या दोन हातांकडे अशी पाहत होती, जणू ते कोणा दुसऱ्याचे आहेत.

"ताई, ऐका," मी म्हटलं. "नारळाच्या पाण्यात खार असते. खाराच्या पाण्यातून वीज जाते. जिथी जायले नाई पायजे तिथी गेली अन् मोठी चिप जळली. हेच पाणी भाऊजीनं शिंपडलं असतं तरी जळली असती. मी शिंपडलं असतं तरी जळली असती. विजेले काय माहीत, हात कोणाचा हाय?"

"हे त्यायले सांगशील तर पटन का?"

"नाई पटणार."

"मंग?"

"मशीन चालू झाली का पटन. नाई पटलं तरी तोंड बंद होईन."

ताईंनी मग बाकीचं सांगितलं. दिराला त्या शेडसाठी गोदामवाला गिऱ्हाईक मिळालं होतं. इतके दिवस ताई चालू मशीनकडे बोट दाखवून नाही म्हणत होत्या. आता त्यानं सांगून टाकलं होतं, की दिवाळीपर्यंत मशीन सुरू झाली तर माझं काही म्हणणं नाही; नाही झाली तर मशीन भंगारात आणि जागा गोदामाला. त्याच्या बोलण्यात तशी खोट काढायला जागा नव्हती. पण जागा गेली असती तर जाताना तो एक ठपकाही ताईंच्या माथी मारून गेली असती. त्या बायांनी, त्या वसाहतीनं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ताईंनी स्वतः जन्मभर हेच धरून ठेवलं असतं, की विधवेनं कुंकू वाहिलं आणि चालतं यंत्र मेलं. ते मी होऊ देणार नव्हते. माझ्या हट्टाला आमच्या घरात आधीच नाव आहे. त्यात भर पडली तर पडो.

कॉम्प्युटरचा बाकीचा भाग स्पिरिटनं पुसून घेतला. तो शाबूत होता. मेलं होतं ते फक्त कार्ड. पिशवीत एक जुनं, दुसऱ्या जातीचं कार्ड होतं, ते बसवलं. मेलेल्या कार्डाच्या लेबलावर त्याचा नंबर छापलेला होता. कार्डाला खोटा नंबर सांगायला लावता येतो, ती युक्ती मला येत होती. तसं करून सॉफ्टवेअर चालू केलं. पडद्यावर ओळ आली, की ओळख पटली नाही. पुन्हा केलं, पुन्हा तीच ओळ. कंपनीचा तो माणूस माझ्या समजुतीपेक्षा हुशार निघाला. त्याचं सॉफ्टवेअर कार्डाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नव्हतं. थेट त्या आठ पायांच्या चिपमध्ये जाऊन वाचत होतं. म्हणजे तीच चिप हवी होती; जळली होती ती मोठी, ही लहान वाचलेली दिसत होती. आणि ती बसवायला त्याच जातीचं, जिवंत कार्ड हवं होतं.

मेलेलं कार्ड कागदात गुंडाळून मी दुकानात आणलं. माझ्याकडे बिस्किटांचा मोठा डबा आहे, जुन्या कार्डांनी भरलेला. घरचे दर दिवाळीला तो भंगारात द्या म्हणतात आणि मी दर दिवाळीला भांडते. अख्खा डबा टेबलावर पालथा केला. लांब, आखूड, दोन्ही प्रकारच्या केबल चालणारी, सगळ्या जातीची कार्डं निघाली, हवी ती जात निघाली नाही. ओळखीच्या सगळ्या दुकानदारांना फोन केले. एकानं विचारलं, "मॅडम, म्युझियम खोलून राहिल्या का?" त्याला मी काय उत्तर दिलं ते सोडा.

शेवटी, दोन आठवडे असे गेल्यावर, शहराच्या दुसऱ्या टोकाला जरीपटक्याला गेले. तिथे बाजारामागच्या गल्लीत जुने कॉम्प्युटर फोडून विकणारे आहेत. एकाच्या गाळ्यात कार्डांची पोती रचलेली दिसली. कडेच्या सोनेरी दातांसाठी ती वजनावर विकली जातात.

"ये सब गलाने जाएगा," तो म्हणाला. "आपको क्या चाहिए?"

मी मेलेलं कार्ड दाखवलं. त्यानं ते उलटसुलट करून नाकाशी नेलं.

"इसमें तो कुंकू है."

"हां. पूजा हुई थी."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. एक पाट दिला, चहा मागवला आणि एक पोतं माझ्यापुढे ओतलं. मी एकेक कार्ड उचलून उजेडाकडे धरून मोठ्या चिपवरची अक्षरं वाचत बसले. हात काळे झाले, कंबर धरली. दुसरं पोतं ओतलं. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. पाटावर बसून भंगार निवडणाऱ्या बाईकडे पाहून हसतही होती. हसोत. तिसऱ्या पोत्याच्या मध्यावर ती जात सापडली. तीच चिप, तीच मांडणी. मी एवढ्यानं ओरडले, की शेजारचा गाळेवाला धावत आला.

काम मी दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून सुरू केलं. मेलेल्या कार्डावरून ती नंबराची चिप उतरवायची, नव्या कार्डावरची तसलीच चिप काढून टाकायची आणि तिथे ही बसवायची. सांगायला सोपं आहे. आठही पायांचं झाळकाम वितळवून एकेक पाय मोकळा करायचा. उष्णता कमी पडली तर पाय सुटत नाही, जास्त झाली तर चिप आतून जाते. सात पाय छान सुटले. आठवा मी किंचित ओढला आणि तो चिपच्या अंगालगत मोडून कार्डातच राहिला.

मी इस्त्री खाली ठेवली. आम्ही झाळायच्या त्या तापत्या सळीला इस्त्रीच म्हणायचो. ही चिप जगात एकच, आणि तिचा पाय मी मोडला होता. रडू आलं. मग रडण्याचाच राग आला. तोंड धुतलं, चहा केला, भिंग आणलं. मोडलेल्या जागी ब्लेडच्या टोकानं चिपचं काळं प्लास्टिक खरवडायला लागले, अगदी दुधाची साय बाजूला करावी इतक्या हळू. बऱ्याच वेळानं धातूचा एक चमकता ठिपका दिसला. मोडक्या पायाचं मूळ होतं ते. एका जुन्या इअरफोनमधली केसासारखी तार काढली आणि तिचं टोक त्या ठिपक्यावर झाळलं. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदाही निसटलं. मी मोठ्यानं म्हटलं, "निसट, किती निसटतं ते पाहते." मग बसलं.

चिप नव्या कार्डावर चढवली, सात पायांवर आणि एका केसावर. दुकानात त्याच जुन्या खाचेचा एक कॉम्प्युटर मी असल्याच कामासाठी सांभाळून ठेवलेला आहे. कार्ड त्यात बसवलं आणि नंबर विचारला. पडद्यावर आला तो मेलेल्या कार्डाच्या लेबलावरचाच नंबर होता, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मी शटर पूर्ण वर केलं आणि उन्हात जाऊन उभी राहिले.

कळमेश्वरला पोचले तेव्हा दिवाळी तोंडावर होती. दीर आधीच आलेला होता. हातात लोखंडी टेप घेऊन तो शेडची मापं काढत होता; टेपचं एक टोक भिंतीला लावलेलं, दुसरं पार मशीनच्या पायापर्यंत ओढलेलं. बाया भिंतीकडेला उभ्या होत्या. ताई ऑफिसच्या दारात होत्या. मला पाहून पुढे आल्या. मी कार्डाची पुडी वर करून दाखवली.

"मॅडम, काहून तरास घेऊन राहिल्या?" दीर म्हणाला. माणूस गोड बोलायचा, हे मान्य केलं पाहिजे. "जुनी मशीन हाय. जाण्यावर आली होती. तसाच हात लागला, गेली."

मी कार्ड बसवलं, तार लावली, बटण दाबलं. जुना कॉम्प्युटर उठायला फार वेळ घेतो. पडद्यावर अक्षरं एकेक ओळीनं वर सरकत गेली. मग सॉफ्टवेअर उघडलं आणि थांबलं. ते कार्डाला विचारत होतं. पडदा एकदा काळा झाला आणि मग चकतीचा नक्षा उमटला. मी कॉर्कचा एक तुकडा अंथरला, एक चकती कापायला लावली. पातं उतरलं, गोल फिरलं, वर आलं. चकती उचलून ताईंच्या हातावर ठेवली. बायांपैकी जी सगळ्यात जुनी होती ती तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि मग सगळ्याच हसायला लागल्या.

दीरही हसला. खरंच हसला. "वा! मॅडमच्या हाताले यश हाय," तो म्हणाला. "शुभ हात लागला अन् झालं पाहा काम." मग ताईंकडे वळून तितक्याच गोडीनं, "वहिनी, आता एक करा. तुमी मशीनले हात नका लावू. बाया चालवतीन. तुमी ऑफिसात बसून पाहा."

शेड वाचली होती. मशीन चालू होती. आणि तरीही माझं सगळं काम त्या एका वाक्यानं पाण्यात गेलं. मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं.

ताईंनी चकती टेबलावर ठेवली. त्या माझ्या जवळून गेल्या, भिंतीपर्यंत गेल्या आणि त्यांनी मेन स्विचचा दांडा खाली ओढला.

पातं, पंखा, पडदा, सगळं एकदम गप्प झालं. त्या केसाएवढ्या तारेची मला काहीच खात्री नव्हती. प्रत्येक वेळी चालू करताना ती तुटू शकते, जळू शकते, हे मला माहीत होतं. ताईंना मी ते सांगितलेलं नव्हतं. आता सांगावं का? मी ताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटून घेतलं.

"वहिनी, हे काय करून राहिल्या?" दीर म्हणाला. "चालू झाली होती ना?"

ताईंनी दांडा वर केला. कॉम्प्युटरपाशी आल्या, पदराला हात पुसले आणि बटण दाबलं. मग तिथेच उभ्या राहिल्या, दोन्ही हात मशीनच्या पत्र्यावर पसरून. बाया आता हसत नव्हत्या. अक्षरं पुन्हा एकेक ओळीनं वर सरकायला लागली. सॉफ्टवेअर उघडलं आणि थांबलं. मला वाटतं, आधीच्या वेळेपेक्षा जास्तच थांबलं, पण तो माझा भास असेल. पडदा काळा झाला. तसाच राहिला. दिरानं घसा खाकरला.

मग नक्षा उमटला. ताईंनी कॉर्कचा अख्खा पत्रा ओढून अंथरला, दिवाळीआधी द्यायच्या मालाचा नक्षा लावला आणि पातं खाली उतरवलं. त्यांचे डोळे भरून वाहत होते. ते पुसायला त्यांनी मशीनवरचा हात काढला नाही.

पातं पत्र्याच्या या टोकाहून त्या टोकाला निघालं, तेव्हा ताई दिराकडे पहिल्यांदा वळल्या.

"भाऊजी, तो टेप उचला," त्या म्हणाल्या. "मशीनमंधी अडकन."